नाणी लॉकरात टाकली म्हणजे झालं का?

घरात जुनी नाणी आहेत असं कळलं की समोरच्याचं वाक्य ठरलेलं असतं, "लॉकरमधे टाक की, घरात कशाला जोखीम." पुण्यातला माणूस म्हणाला तर एकवेळ ठीक, पण सांगलीत राहून कोण असं म्हणालं की मला वाटतं हा २०१९ चा ऑगस्ट विसरला काय? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या महापुरात पाणी ५७ च्या वर गेलेलं, हरभट रोड मारुती चौक सगळं पाण्यात. आणि जुन्या बँका कुठं आहेत आपल्या? बाजारातच. त्यात लॉकरची खोली बऱ्याचदा तळमजल्याला.

आता नियम काय सांगतो बघा. लॉकरबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग लागली, चोरी झाली, दरोडा पडला, इमारत कोसळली किंवा बँकेच्याच माणसानं घोळ केला तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत. म्हणजे भाडं २,००० असेल तर फार तर २ लाख, आत तुमचं काहीही असू दे. आणि भूकंप, वीज, पूर यात नुकसान झालं तर बँक जबाबदार नाही. आता चोर बँकेत किती वेळा येतो आणि कृष्णा गावात किती वेळा येते याचा हिशोब सांगलीकराला सांगायला नको, २००५, २०१९, २०२१. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, म्हणजे साठवणीचे जमिनीतले खोल खड्डे, वर्षानुवर्षं हळद टिकायची त्यात, कीड लागायची नाही, आणि २००५ च्या पुरात त्यांचीच वाट लागली.

म्हणून लॉकर घेऊच नका असं म्हणत नाही, माझाही आहे. पण घेताना भाडं विचारायच्या आधी लॉकर कुठल्या मजल्यावर आहे ते विचारा, त्यासाठी घरापासून लांबची शाखा घ्यावी लागली तरी चालेल. आणि आत ठेवताना नाणी नुसती पुरचुंडीत नकोत, रबरी कडा असलेला घट्ट झाकणाचा डबा घ्या, पाणी आलंच तर चिखल तरी आत जाणार नाही.

माझी वाटणी अशी, सोनं आणि चांगले चांदीचे रुपये लॉकरात, तांब्याची नाणी घरी. लोक म्हणतात उलटं पाहिजे. पण तांबं सारखं बघावं लागतं. साताऱ्या-सांगलीकडं जुन्या घरात शिवराई निघतेच एखादी, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', पुढच्या काळातल्या दुदांडी (दोन दांड्या असलेल्या शिवराया) तर ढिगानं. या नाण्यांवर फिकट हिरवी, नखानं भुगा होणारी पूड दिसली तर समजायचं की आत क्लोराइड बसलंय, ओल मिळाली की ते तांबं खात राहतं. असं नाणं लगेच बाजूला काढायचं आणि कोरडं ठेवायचं. लॉकर वर्षातून एकदा उघडणार असाल तर तोवर नाण्यावरची अक्षरं गेलेलीही असू शकतात. गुळगुळीत गडद हिरवा किंवा चॉकलेटी थर मात्र वेगळा, तो नाण्याचं कवचच आहे, त्याला हात लावायचा नाही.

आणि घासायचं तर मुळीच नाही!! चिंच-मीठ, लिंबू, पितांबरी हे सगळं देवघरातल्या तांब्यासाठी. घासून लखलखीत केलेली शिवराई जाणकार हातातसुद्धा घेत नाही. आमच्याकडं लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये लागतात, दूध, हळदकुंकू, सगळं होतं त्यांचं, त्यामुळं पूजेचे रुपये वेगळेच काढून ठेवलेत आणि संग्रहातल्यांना दिवाळीची सुट्टी. आईला पटलं नव्हतं, आता पटलंय (असं ती म्हणते).

घरातला खरा शत्रू म्हणजे अल्बम. स्टेशनरीच्या दुकानात मिळतात ना, मऊ चकचकीत पानांचे, उघडले की नव्या रेक्झिनसारखा वास येणारे, ते पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकचे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घालतात, ते हळूहळू बाहेर येतं आणि प्लॅस्टिकमधून आम्लही सुटतं, मग नाण्यावर हिरवट चिकट थर. शंका असेल तर अल्बमच्या पानाचा कोपरा कापा, तांब्याची तार गॅसवर लाल करा, त्या तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा, ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी आहे. खिडकी उघडी ठेवून करा, धूर चांगला नसतो. चिकट थर शुद्ध ॲसिटोनमधे नाणं बुडवून ठेवलं की निघतो, काचेच्या वाटीत, आसपास गॅस नको, आणि नेलपॉलिश काढायचं रंगीत वासाचं पाणी चालत नाही. पण आम्लानं धातू खाल्ला असेल तर ते काही भरून येत नाही.

घ्यायचं काय, तर मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टरची) खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकोनी पाकिटं. स्वस्त आहेत, ऑनलाइन मिळतात, फक्त पिना मारल्यावर पक्कडीनं चपट्या करा नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा. भारी नाणं असेल तर कडक प्लॅस्टिकची गोल कॅप्सूल. वर्तमानपत्रात गुंडाळणं, रबरबँड लावणं बंद, रबरातल्या गंधकानं चांदी काळी पडते. प्लायवूडच्या नव्या ड्रॉवरपेक्षा आपलं जुनं लोखंडी कपाट बरं, लाकडातून आणि त्यातल्या गोंदातून आम्लाची वाफ येते. त्यात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा, निळं असतं ते गुलाबी झालं की ओव्हनमधे तापवून परत वापरायचं, जुलै-ऑगस्टला जरा लवकर लवकर बघावं लागतं. अग्निरोधक तिजोरी घेणार असाल तर तिच्या भिंतीतल्या मसाल्यातच पाणी असतं, आत ओल धरते, तिथं तर जेल पाहिजेच.

आता कंटाळवाणं काम, जे कुणीच करत नाही. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि सराफी छोट्या काट्यावर वजन. व्हिक्टोरिया ते पंचम जॉर्ज चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, चांदी साधारण ९२ टक्के, १९४० पासून वजन तेच पण चांदी निम्मी. झिजलेला थोडा हलका भरेल, बराच हलका भरला तर आधी शंका घ्या. असे १०० चांदीचे रुपये म्हणजे सव्वा किलोच्या थोडं आत, तेव्हा पुराच्या वेळी पिशवीत काय उचलायचं तेही आधीच ठरवून ठेवा. यादीची एक प्रत गावाबाहेरच्या नातेवाईकाकडं असू दे. घराच्या विम्यात नाणी बऱ्याचदा वगळलेली असतात, वेगळी लिहून घ्यावी लागतात, एजंट आपणहून सांगेल याची वाट बघू नका, पॉलिसी स्वतः वाचा.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा मोह आवरा. फोटो गेला की "अमुक नाण्याला लाखो देतो, आधी कमिशन भरा" वाले येतात, रिझर्व्ह बँकेनं २०२१ मधे यावर इशाराही दिलाय की आपल्या नावानं कोणी असे पैसे मागत असेल तर देऊ नका.

आणि मुलगा-मुलगी परदेशात असतील तर एवढं आत्ताच सांगून ठेवा, की १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसतं, ते आजोबांची आठवण म्हणून बॅगेत टाकून विमानतळावर जाता येत नाही.