आमची वाटचाल: स्विमिंग पूलचे हीट पंप, नाशिकपासून कोकणापर्यंत

पूलच्या फिल्टर-पंपांच्या दुरुस्तीतून आम्ही हीट पंपांकडे वळलो. सुरुवातीला कॅटलॉगवर ठळक छापलेला, मशीन किती उष्णता देतं तो किलोवॅटचा आकडा पाहून मशीन निवडायचो. तो आकडा हवा 27 अंश, पाणी 26 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असतानाचा. त्याच्याच खाली बारीक अक्षरांत 15 अंश हवेचा आकडा असतो, आणि 17 किलोवॅटचं मशीन तिथे 12 च्या आसपास उतरतं. नाशिक-महाबळेश्वरला पूल तापवायचा असतो तो डिसेंबर-जानेवारीतच. म्हणून आता आमचं कोटेशन बारीक अक्षरांतल्या आकड्यावरच निघतं.

हीट पंप उष्णता हवेतून उचलून पाण्यात सोडतो. पंखा कॉइलवरून हवा ओढतो, कॉइलमधला गॅस तिची उष्णता घेतो, कॉम्प्रेसर गॅस दाबून आणखी तापवतो आणि टायटॅनियमच्या एक्स्चेंजरमध्ये ती उष्णता पाण्याला मिळते. दमट, उबदार हवेत एका युनिट विजेमागे पाच-सहा युनिट उष्णता मिळते, 15 अंशांना चारच्या आसपास. हवा 8-10 अंशांखाली गेली की कॉइलवर बर्फ धरू लागतो. तो वितळवायला बरीचशी मशीनं उलटी चालतात, आणि तेवढा वेळ तापवलेल्या पाण्याचीच उष्णता परत जाते. नाशिकच्या थंडीत पहाटे चारला मशीन चालवणं म्हणूनच परवडत नाही. टायमर सकाळी 10 ते संध्याकाळी 5 लावायचा.

8 बाय 4 मीटरचा, सरासरी 1.4 मीटर खोल पूल म्हणजे साधारण 45 हजार लिटर. एक अंश चढवायला 52 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. 20 वरून 28 वर न्यायला सव्वाचारशे, तीही वाटेत काहीच वाया गेली नाही तर. पण जाते, आणि सगळ्यात जास्त बाष्पीभवनातून: एक लिटर पाणी उडालं की जवळजवळ 0.68 युनिट गेलं. कव्हर नसेल तर दिवसाची कमाई रात्रीत जाते. कव्हर घ्यायचंच नाही म्हणणाऱ्याला मोठं मशीन विकण्यापेक्षा आम्ही काम सोडतो.

तक्रारींत पहिला नंबर पाण्याच्या प्रवाहाचा. फिल्टर तुंबला की फ्लो स्विच मशीन बंद करतो आणि लोक कॉम्प्रेसर गेला समजतात. आधी बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा, मग बायपासचे, म्हणजे पाणी मशीनमधून किंवा त्याला टाळून वळवणारे तीन व्हॉल्व्ह तपासा. क्लोरीनचा डोझर (पाण्यात क्लोरीन सोडणारं यंत्र) नेहमी हीट पंपाच्या पुढे, म्हणजे पूलकडे जाणाऱ्या लाइनवर हवा. तो आधी बसवला की तीव्र क्लोरीन थेट मशीनमध्ये शिरतं. पंख्यासमोर किमान दोन मीटर मोकळे ठेवा. बंद पंपरूममध्ये मशीन स्वतःचीच गार हवा पुन्हा ओढत राहतं.

पावसाळ्यात फोन येतो, ‘मशीन गळतंय.’ दमट हवेत कॉइलवर पाणी सुटणारच, ते मशीन जोरात काम करत असल्याची खूण आहे. खात्री करायची तर हीट पंप बंद करून फक्त फिल्टरचा पंप चालू ठेवा. तासाभरात थेंब थांबले तर गळती नाही. थांबले नाहीत तर खालच्या पाण्यात क्लोरीनची पट्टी बुडवून बघा. रंग आला तर पाणी पूलचं आहे, लगेच बोलवा.

कोकणात आणि गोव्यात थंडीपेक्षा खारा वारा त्रास देतो. ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या पांढऱ्या पडून भुगा होतात. तिथे कोटिंग केलेली कॉइलच घ्या आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने, हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने पात्या वाकतात आणि हवेची वाटच बंद होते.