वीतभर केबलनं खाल्लेले अकरा दिवस

मशीन चालू व्हायचं. पंखे फिरायचे, कीबोर्ड उजळायचा आणि मदरबोर्डच्या कडेला जे चार बारीक दिवे असतात, त्यांतला ‘व्हीजीए’ लिहिलेला, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, पांढरा दिवा लागून तसाच राहायचा. स्क्रीन काळी. बटण दाबून धरा, बंद करा, पुन्हा चालू करा. चौथ्या-पाचव्या वेळी डिस्प्ले यायचा, मला हायसं वाटायचं, मी एखादा गेम उघडायचो आणि दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन पुन्हा काळी. ग्राफिक्स कार्डाचे पंखे मात्र पूर्ण वेगानं घोंघावत असायचे. असे अकरा दिवस गेले. शेवटी दोष निघाला एका वीतभर लांबीच्या चपट्या केबलमध्ये, आणि ती केबल कॅबिनेटबरोबरच आली होती. त्या कंपनीवरचा राग अजून पुरता गेलेला नाही, पण असं कॅबिनेट घ्यायच्या विचारात असलेल्यांचे अकरा दिवस वाचावेत म्हणून लिहितोय.

कॅबिनेट सँडविच पद्धतीचं. नेहमीच्या टॉवरमध्ये मदरबोर्ड बाजूच्या पत्र्याला उभा बसतो आणि ग्राफिक्स कार्ड त्याच्यात काटकोनात खोचलेलं असतं. इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्स हे मापांचं आणि मांडणीचं मानक आणलं, तेव्हापासून मूळ मांडणी हीच चालत आली आहे. मधे त्यांनीच बीटीएक्स नावाची वेगळी मांडणी काढून पाहिली, ती टिकली नाही. सँडविचमध्ये कॅबिनेटच्या मधोमध एक उभी भिंत असते. एका अंगाला मिनी-आयटीएक्स बोर्ड, म्हणजे १७ सेंटीमीटर लांब आणि तेवढाच रुंद. दुसऱ्या अंगाला कार्ड. दोघं पाठीला पाठ लावून उभे. या दोघांना जोडणारी गोष्ट एकच, भिंतीखालून वळसा घालून जाणारी रायझर केबल.

मला ही मांडणी पटली होती आणि आजही पटते. कार्डाचे पंखे थेट बाजूच्या जाळीतून बाहेरची गार हवा ओढतात, प्रोसेसरचा कूलर दुसऱ्या जाळीतून. एकाची गरम हवा दुसऱ्याच्या नाकात जात नाही. आणि हे सगळं अकरा लिटरांत. त्याआधी मी बोर्ड नव्वद अंशांत फिरवलेली कॅबिनेटंही पाहिली होती. सिल्व्हरस्टोनचं रेव्हन २००८ मध्ये त्याच धर्तीवर आलं होतं, पोर्ट वर, पंखे खाली, हवा खालून वर. कल्पना चांगली, पण त्यात सगळ्या केबली डोक्यावरून बाहेर पडतात आणि कार्ड पोर्ट वर करून उभं राहतं. त्या स्थितीत काही कार्डांच्या हीट पाइप नीट काम करत नाहीत. म्हणून सँडविच.

मापं मी जीव ओतून घेतली. कार्डाची लांबी, जाडी, कूलरची उंची, पॉवर सप्लाय छोट्या एसएफएक्स मापाचा आहे की त्याहून लांब एसएफएक्स-एल, सगळं कागदावर लिहून काढलं होतं. जोडणी एका संध्याकाळी झाली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एवढंच सांगतो की कार्डाची लांबी-जाडी मोजताना पॉवर केबलचा प्लग आणि तिचं वळण धरून मोजा. माझा बाजूचा पत्रा बसला, पण प्लगला टेकून. नव्या सोळा पिनांच्या कनेक्टरची केबल प्लगपासून निदान साडेतीन सेंटीमीटर सरळ जाऊ द्यावी असं सांगतात, ते पाळायला अशा कॅबिनेटमध्ये जागा शोधावी लागते.

आता ते अकरा दिवस.

पहिल्या दिवशी संशय रॅमवर. एक काडी काढून पाहिली, मग दुसरी. मग वाटलं कार्डच मेलं, तर ते जुन्या टॉवरमध्ये लावल्यावर तासन्‌तास व्यवस्थित चाललं. मग पॉवर सप्लाय. गेम चालू असताना स्क्रीन जाते आणि पंखे भरधाव सुटतात, हे लक्षण पॉवर कमी पडल्याचंच वाटतं, कोणालाही वाटेल. मित्राकडून त्याचा पॉवर सप्लाय मागून आणला, या चिंचोळ्या जागेत त्याच्या केबली कोंबायला एक अख्खी दुपार घालवली. तेच. चौथ्या-पाचव्या वेळी डिस्प्ले, मग काळोख.

पाचव्या दिवशी विंडोज चालू असतानाच्या एका भाग्यवान अर्ध्या तासात मी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची चुकांची नोंदवही) उघडला. तिथं व्हिया-लॉगरच्या नावानं इव्हेंट १७ च्या नोंदींची रांग लागली होती, काही नोंदी सेकंदासेकंदाच्या अंतरानं. खाली लिहिलेलं: हार्डवेअरची चूक झाली, ती दुरुस्त केली, घटक पीसीआय एक्स्प्रेस रूट पोर्ट. हा या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा कागद. पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे पीसीआयई, या बोर्ड आणि कार्ड यांच्यामधल्या रस्त्यावर डेटा बिघडत होता, बोर्ड तो पुन्हा पुन्हा मागवून घेत होता, आणि जेव्हा त्यालाही निभावत नव्हतं तेव्हा स्क्रीन जात होती. तुमची स्क्रीन अशी जात असेल तर रॅम उपसण्याआधी ही नोंद बघा. माझे चार दिवस वाचले असते.

मग मी कॅबिनेटच्या कंपनीला लिहिलं. त्यांचा तक्रारीचा फॉर्म सिरियल नंबराशिवाय पुढे सरकत नाही. नंबराचा स्टिकर खोक्यावर नाही, मागच्या पत्र्यावर नाही. तो मधल्या भिंतीवर, रायझरच्या पट्टीच्या मागे. म्हणजे कार्ड काढा, पट्टीचे चार स्क्रू काढा, रायझर बाजूला करा, टॉर्च मारून फोटो काढा आणि पुन्हा सगळं बसवा. ते केलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: ग्राफिक्स ड्रायव्हर काढून पुन्हा इन्स्टॉल करा. मी लिहिलं होतं की डिस्प्लेच येत नाही. पुन्हा लिहिलं, इव्हेंट व्ह्यूअरचा फोटो जोडला आणि एकच प्रश्न विचारला: ही रायझर पीसीआयईच्या कितव्या पिढीची आहे? खोक्यावर ‘हाय-स्पीड रायझर केबल समाविष्ट’ एवढंच छापलेलं होतं, माहितीपत्रकातही तेवढंच. आणखी तीन दिवस गेले. उत्तर आलं की रायझर ३.० आहे, उत्पादनात दोष नाही, तक्रार बंद करत आहोत.

दोष नाही! एक आकडा खोक्यावर छापला असता तर हे काहीच घडलं नसतं. याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. बाकी कॅबिनेट इतकं नेटकं बनवलंय, पत्र्याची एक कड हाताला लागत नाही, आणि ज्या वस्तूवर सगळी मांडणी उभी आहे तिची इयत्ता सांगायला ही माणसं तयार नाहीत.

होतं काय ते सांगतो. पीसीआयई ३.० मध्ये एका लेनवरून, म्हणजे त्या रस्त्याच्या एका पदरावरून, सेकंदाला ८ गिगाट्रान्सफर जातात, ४.० मध्ये १६, ५.० मध्ये ३२. वेग दुप्पट झाला की तांब्याच्या तारेत सिग्नल जास्त विरतो आणि शेजारच्या तारेचा त्रास जास्त होतो. कार्ड थेट स्लॉटमध्ये असेल तर अंतर थोडं. रायझरमुळे वीतभर तार आणि आणखी एक जोड वाढतो. खरी मेख मात्र पुढे आहे. मशीन चालू होताना बोर्ड आणि कार्ड आपापसांत वेग ठरवतात. बोर्ड म्हणतो मी ४.०, कार्ड म्हणतं मीही ४.०, ठरलं. केबल निव्वळ तार आहे, तिच्यात चिप नाही, त्यामुळे मधे ३.० ची केबल आहे हे दोघांनाही कळायला मार्ग नाही. सिग्नल पूर्ण कोसळला तर ते खालच्या वेगावर येतात. जेमतेम पोचत असेल तर वरच्याच वेगावर अडून बसतात आणि मग माझ्यासारखी गत होते.

इलाज दोन मिनिटांचा आहे. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा बोर्डाच्या सेटिंगचा पडदा) जा, पीसीआयई स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून ‘जेन ३’ करा, सेव्ह करा. पण बायोस दिसायला डिस्प्ले हवा, आणि माझ्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर, त्यामुळे बोर्डावरचा एचडीएमआय पोर्ट मुका. नेमकं त्या दिवशी आठ वेळा चालू करूनही डिस्प्ले आला नाही. शेवटी अख्खा बोर्ड बाहेर काढला, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, पॉवर सप्लाय शेजारी, आणि कार्ड थेट स्लॉटमध्ये खोचलं. कार्ड जड, खोक्याच्या कडेवर कलायला लागलं. डाव्या हातानं ते उभं धरून उजव्या हातानं डिलीट दाबत राहिलो. पहिल्याच फटक्यात बायोस समोर. ‘जेन ३’ केलं, सेव्ह केलं, सगळं परत कॅबिनेटात बसवलं. रात्री पावणेदोनला डिस्प्ले आला. मी सलग दहा वेळा बंद-चालू केलं आणि दहाही वेळा आला. त्या रात्री मी खूश होऊन झोपलो, खोटं कशाला सांगू.

तीन आठवड्यांनी बायोस अपडेट केला. अपडेटनंतर सगळ्या सेटिंग मूळ पदावर, म्हणजे पुन्हा ‘ऑटो’, म्हणजे पुन्हा काळोख, पुन्हा पुठ्ठ्याचं खोकं. हे लक्षात ठेवा: बायोस अपडेट केला, सीमॉस (बोर्डाची सेटिंग साठवणारी मेमरी) क्लिअर केलं किंवा बोर्डावरचा सेल संपला की ते सेटिंग जातं. प्रोसेसरला अंगचं ग्राफिक्स असेल तर हा प्रश्न येत नाही, मॉनिटरची केबल बोर्डाला लावायची आणि सेटिंग बदलायचं. म्हणून अशा कॅबिनेटसाठी प्रोसेसर निवडताना थोडे पैसे वाचवायला ‘एफ’ घेऊ नका.

मग मी ४.० ची रायझर वेगळी घेतली. ती घेतानाही दोन गोष्टी पाहाव्या लागतात, लांबी आणि स्लॉटची दिशा. सरळ आणि उलट्या दिशेच्या रायझर वेगळ्या मिळतात आणि चुकीची घेतली तर कार्ड भिंतीकडे तोंड करून बसतं. मी जुनी केबल काढून टेबलावर पसरली, वळणासकट मोजली आणि मग मागवली. बसवताना तिला बोटानं दाबून घडी पाडू नका, वळण गोलसर राहू द्या. चांगल्या रायझरला तारांभोवती वेष्टण असतं आणि ती जाडजूड, हट्टी असते, तिला वळायला जागा लागते.

बसवल्यावर ‘ऑटो’वर ठेवून तपासायचं कसं? जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. बस इंटरफेसच्या रकान्यात आधी १.१ दिसेल, घाबरू नका, कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला वेग उतरवतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून छोटी चाचणी चालू करा, आकडा ४.० वर चढला पाहिजे आणि लेन १६ दिसल्या पाहिजेत. मग तासभर गेम खेळा आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १७ नंबरची नोंद शोधा. माझ्याकडे त्या दिवसापासून एकही नाही.

३.० वर ठेवून भागत नाही का, असं कोणी विचारेल. सोळा लेनच्या कार्डाला बहुतेक गेममध्ये फरक जाणवणार नाही इतका कमी पडतो. पण मधल्या श्रेणीतल्या काही कार्डांना आठच लेन असतात, आरटीएक्स ४०६० घ्या, तिथं ३.० म्हणजे रस्ता निम्मा, त्यातून निम्मा वेग. कार्डाची मेमरी भरली की ते जाणवतं.

तापमानाचं राहिलंच. कॅबिनेटची पारख करताना लोक पहिल्यांदा तेच विचारतात, आणि तिथं या मांडणीनं मला अजिबात निराश केलं नाही. खोलीच्या तापमानापेक्षा किती वर, ते लिहून ठेवत जा, नुसता आकडा निरुपयोगी. माझं कार्ड जुन्या टॉवरपेक्षा तीन अंश गार चालतं. सुरुवातीला मात्र जास्त तापायचं, कारण कार्ड दोन स्लॉटचं आणि जागा तीनची, त्यामुळे पंखे आणि जाळी यांच्यात दोन सेंटीमीटरची पोकळी. कार्ड आपलीच गरम हवा त्या पोकळीतून परत ओढत होतं. कडेनं फोमची पट्टी चिकटवून ती बंद केली आणि पाच अंश उतरले. याच्या उलट, पंखा जाळीला अगदी खेटला तर शिट्टीसारखा आवाज येतो, तेव्हा थोडी फट हवीच. प्रोसेसरच्या बाजूला बुटका कूलर लागतो, त्याची उंची मोजताना पंख्यासकट मोजा आणि खालची रॅम किती उंच आहे तेही बघा.

जमलं तर अजून एक करा. नवं कॅबिनेट आलं की त्यात काहीही बसवण्याआधी बोर्ड खोक्यावर ठेवून, कार्ड रायझरमधून जोडून एकदा चालवून बघा. रायझर आधी सुटी करावी लागते, दहा मिनिटं जातात, पण त्या क्षणी सगळं उघडं असतं आणि स्लॉट हाताशी असतो.

जुनी रायझर मी टाकलेली नाही. तिच्या पट्टीवर पांढऱ्या मार्करनं ठळक ‘३.०’ लिहून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.