साठ टक्के कशाचे?

सोमवारी सकाळी ऐरोलीच्या कार्यालयात पोहोचले, तेव्हा मालवाहतूक करणाऱ्या एका ग्राहकाचे गाड्यांच्या नोंदींचे अॅप्लिकेशन दर वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होत होते. टॉमकॅट ९ या जावा सर्व्हरवर चालणारी त्याची वॉर फाइल, म्हणजे अॅप्लिकेशनचे बांधलेले गाठोडे, आम्ही क्लाउडवरील कुबरनेटिस क्लस्टरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या बंदिस्त कप्प्यांत प्रोग्रॅम चालवणाऱ्या संगणकांच्या समूहात, बसवली होती आणि शुक्रवारपर्यंत तिच्याबद्दल एकही तक्रार नव्हती. कोडला कोणी हात लावला नव्हता. शनिवारी रात्री फक्त नोडवरील, म्हणजे त्या समूहातील संगणकावरील, ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत झाली होती, पण ते काम आमच्याकडे नसल्यामुळे मी तिकडे लक्षच दिले नाही.

टॉमकॅटच्या लॉगमधील शेवटची ओळ अर्ध्यावर तुटलेली होती. मेमरी संपल्याची जावाची सूचना (आउटऑफमेमरीएरर) नाही, हीपची, म्हणजे जावाच्या कामाच्या मेमरीची, नोंद (हीप डंप) नाही. पॉडच्या, म्हणजे कंटेनर ज्यात चालतो त्या कुबरनेटिसच्या घटकाच्या, तपशिलात मात्र एक्झिट कोड १३७ दिसत होता, म्हणजे १२८ अधिक ९ : लिनक्स कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, नऊ क्रमांकाचा सिग्नल देऊन प्रोसेस जागीच संपवली होती, त्यामुळे जेव्हीएमला, म्हणजे जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेला, काही लिहून ठेवायला अवधीच मिळाला नव्हता. मेमरी कमी पडते आहे असे समजून मी कंटेनरची मर्यादा २ जीबीवरून ४ जीबी केली, तर अॅप्लिकेशन पडायचे ते पडलेच, फक्त थोडे उशिरा. दुपारचा डबा कीबोर्डशेजारीच उघडला आणि तोवर कोडमध्ये मेमरी लीक आहे, म्हणजे घेतलेली मेमरी तो परत सोडत नाही, अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती.

नुकतीच रुजू झालेली एक सहकारी माझ्या शेजारी बसून सेटिंग वाचत होती. तिने विचारले, "मॅडम, मॅक्सरॅमपर्सेंटेज ६० दिलंय, पण हे साठ टक्के कशाचे?"

"कंटेनरच्या मेमरीचे," मी ठसक्यात सांगितले. मग पॉडमध्ये शिरून जेव्हीएमने प्रत्यक्षात धरलेली सेटिंग (फ्लॅग) छापून पाहिली, तर हीपची कमाल मर्यादा १९ जीबीच्या आसपास! नोडची मेमरी ३२ जीबी होती. जेव्हीएम तिचे साठ टक्के आपलेच धरून बसले होते आणि एवढी ऐसपैस जागा असताना गार्बेज कलेक्शनची, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करण्याची, त्याला घाई नव्हती; वापर वाढत कंटेनरच्या मर्यादेपलीकडे गेला की कर्नल प्रोसेस संपवत होता.

शनिवारच्या बदलानंतर नोडवर सीग्रुपची, म्हणजे कंटेनरच्या मेमरीवर मर्यादा घालणाऱ्या लिनक्सच्या सोयीची, दुसरी आवृत्ती आली होती. आमच्या इमेजमधील, म्हणजे कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्यातील, जावा ८यू३१२ ला (जावा ८ चे ३१२ वे अपडेट) पहिल्या आवृत्तीतील मर्यादा वाचता येत, दुसरीतील नाही. जावा ८ मध्ये ती सोय ८यू३७२ पासून, म्हणजे एप्रिल २०२३ मध्ये आली. बेस इमेज, म्हणजे जावासकटचा मूळ साचा, बदलायची नाही, हा नियम मीच घातला होता, कारण चालत्या गाडीची खीळ कोणी काढू नये, असे मला वाटे.

कमाल हीप १२०० एमबी असा थेट आकडा देऊन मी कंटेनरची मर्यादा पुन्हा २ जीबीवर आणली आणि संध्याकाळपर्यंत नव्या जावाची इमेज चढवली. ग्राहकासाठीच्या अहवालाच्या मसुद्यात मी दुपारी 'क्लाउडकडील बदल' असे कारण लिहून ठेवले होते. ते खोडून तिथे आमची जुनी बेस इमेज लिहिली आणि ठाण्याची गाडी गाठायला निघाले.