डाळिंबी की जांभळी

स्टुडिओत फोटो न्यायला आलेली माणसं पाकीट हातात घेतात, पैसे देतात आणि पायरी उतरता उतरता हमखास विचारतात, "ताई, एवढ्या लोकांच्या आठवणी तुमच्या हाताखालून जातात. तुमची स्वतःची सगळ्यात लाडकी कुठली ओ?" आजवर मी "सांगीन की कधीतरी" म्हणून वेळ मारून नेली. गेल्या आठवड्यात एका काकांनी खुर्चीच पुढं ओढली. म्हणाले, "आज मला घाई नाही, बोला." तेव्हाही टाळलं. पण आता तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहूनच टाकते. सरळ उत्तर मात्र माझ्याकडं नाही, कारण माझी जी लाडकी आठवण आहे ती माझीच आहे का, यावरून आमच्या घरात चाळीस वर्षं भांडण चालू आहे.

आधी धंद्याचं थोडं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सांगलीत मारुती रस्त्याजवळ एका बोळात आमचा स्टुडिओ. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढला, आता मी चालवते. पासपोर्टचे सोडले तर नवे फोटो काढायला फारसं कुणी येत नाही. कॅमेरा सगळ्यांच्याच खिशात आहे. माझं पोट चालतं ते भिजलेल्या, चिकटलेल्या, बुरशी धरलेल्या फोटोंवर. कृष्णामाईची कृपा म्हणायची! २००५ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर लोकांनी भिंतीवर खुणा करून ठेवल्या आणि त्या खुणेच्या वर फळ्या ठोकल्या. आम्हीही ठोकल्या. अण्णांच्या निगेटिव्हचे पत्र्याचे डबे खुणेच्या हातभर वर ठेवले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. हिशेब तुम्हीच करा.

पूर ओसरला की आठ-दहा दिवसांनी अल्बम यायला लागतात. घरातला चिखल काढून झाला, भांडी घासून झाली, पंचनामा झाला, की मग माळ्यावरच्या पेटीची आठवण होते. तोवर फोटो वाळून एकमेकांना चिकटलेले असतात आणि तेच वाईट. भिजलेला फोटो ओला असतानाच स्वच्छ गार पाण्यात सोडायचा, पाण्यातच हलक्या हातानं सुटा करायचा, चेहरा वर करून सावलीत वाळवायचा. लगेच जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा. हे मी सगळ्यांना सांगते. एकदा एक आजी म्हणाल्या, "बाई, फ्रीज छतावर तरंगत होता, फोटो कुठं ठेवू?" त्यावर मी काय बोलणार.

रंगीत फोटोच्या कागदावर जिलेटिनचे तीन थर असतात. सगळ्यात वर निळसर, त्याला आम्ही सायन म्हणतो, मधे मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी, तळाला पिवळा. पाणी वरून खात जातं. आधी सायन जातो, की सगळं वऱ्हाड तांबडंलाल. मग मॅजेंटा जातो आणि हळद लावल्यासारखी पिवळी माणसं उरतात. त्यानंतर पांढरा कागद. ब्लॅक अँड व्हाइट फोटो त्या मानानं चिवट. अण्णांच्या हातचे जाड कागदावरचे कितीतरी फोटो मी दोरीला चिमटे लावून वाळवलेत. कोपरे वळतात, पण माणसं जागच्या जागी. हल्लीच्या करिझ्मा अल्बमची, म्हणजे जाड पानांवरच फोटो छापलेल्या पुस्तकाची, मात्र वीट होते. ती मी हातात घेते, खालीवर बघते आणि परत देते.

पाणी कडेनं आत शिरतं, म्हणून मधोमध उभे केलेले नवरा-नवरी बहुतेक वेळा वाचतात. आणि लोकांना नेमकं कडेचंच काहीतरी हवं असतं. हे कळायला मला फार वर्षं लागली. एक बाई बारशाचा फोटो घेऊन आल्या. पाळणा, बाळ, आत्या, सगळं ठणठणीत. मी म्हटलं, "यात करण्यासारखं काय आहे?" त्यांनी कोपऱ्यातल्या खिडकीवर बोट ठेवलं. तिथं गजावर टेकलेला एक कोपर होता, अर्धा पुसलेला. शेजारच्या काकूंचा. काकू जन्मात कधी फोटोला उभ्या राहिल्या नाहीत, एवढा कोपर तेवढा सापडला होता. "बाळाचं राहू द्या," बाई म्हणाल्या, "तो पुण्यात आहे, रोज व्हिडिओ कॉल करतो." तो कोपर दुरुस्त करायला मला दोन दिवस लागले. "कडेची अडगळ काप," असं मला अण्णांनी शिकवलं होतं. मी आयुष्यभर असे किती कोपर कापले असतील, देव जाणे.

आता डाळिंबीचं सांगते. साठीच्या दोघी बहिणी आल्या. गणपती मंदिरासमोर उभ्या असलेल्या त्यांच्या आईचा फोटो, सायन पार गेलेला. चेहरा मी आणला, पण साडीचा रंग विचारावा लागला. थोरली म्हणाली डाळिंबी, धाकटी म्हणाली जांभळी. आता गंमत अशी, की जांभळ्यातला सायन गेला की तो लालसरच दिसतो. म्हणजे कागदाला विचारून उपयोग नव्हता; दोन्ही साड्या त्याच्याकडून जवळपास सारख्याच आल्या असत्या. दोघींकडं पुरावे होते. थोरलीला त्या पदरानं आईनं नाक पुसलेलं आठवत होतं आणि नंतर ती साडी बोहारणीला गेली हेही ठाम माहीत होतं. धाकटी म्हणाली, "बोहारणीला कशी जाईल? तिची गोधडी शिवली. मी सातवीपर्यंत त्यावर निजलीय!" तासभर काउंटरवर हेच. शेवटी मी दोन प्रिंट काढल्या. दोघींनी आपापलं पाकीट घेतलं, पैसे वेगवेगळे दिले, आणि रिक्षा मात्र एकच केली.

त्या गेल्या आणि मी दादाला फोन लावला. कारण आमचं भांडण हेच.

मी सहा-सात वर्षांची असेन. अण्णा सायकलवरून सांगलीजवळच्या हरिपूरला निघाले होते. दांडीला टॉवेल गुंडाळलेला, त्यावर मी. रस्त्याला दुतर्फा चिंचा, टॉवेल असूनही पायाला मुंग्या. हरिपूरला हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, तोंड अरुंद आणि आत मडक्यासारखं फुगलेलं. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं राहायची आणि कीड लागायची नाही. अण्णांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचं पेव त्या दिवशी उघडणार होतं. तोंडावरची माती काढली, पण लगेच कुणी आत उतरलं नाही. बंद पेवात खराब हवा साठते, माणूस गुदमरतो, म्हणून बराच वेळ नुसतं उघडं ठेवलं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडला. अण्णांनी मला फ्रॉकच्या मागून मुठीत धरलं होतं आणि मी वाकून बघत होते. ज्योत बारीक बारीक होत गेली आणि तिच्याभोवती खाली सगळं पिवळं. वर आलेला तो वास आजही मला मार्केट यार्डाच्या बाजूनं जाताना एखाद्या दिवशी अचानक गाठतो, आणि मी स्कूटर बाजूला घेते.

तर ही माझी लाडकी आठवण.

दादा म्हणतो, तू तिथं नव्हतीस. तुला गोवर आला होता, तू आईजवळ घरी होतीस, दांडीवर मी होतो. रात्री मी तुला कंदिलाची गोष्ट सांगितली आणि तू ती ढापलीस. फ्रॉक कसला, मला चड्डीला धरलं होतं.

आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "गोवर आला होता खरा. हळदीच्या दिवसांत का पावसात, ते नाही बाई सांगता येत."

पुढं दादाची मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकायला लागली आणि त्याला दारूगोळाच मिळाला. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन बाईंनी १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या गोष्टी वाचायला दिल्या, त्यात एक बनावट घुसवली: पाचेक वर्षांचे असताना तुम्ही दुकानांच्या गर्दीत हरवला होता. साधारण चौघांतल्या एकाला ती घटना पूर्ण किंवा थोडीफार 'आठवली'. दादानं हे मला तीन वेळा पाठवलं. मी त्याला लिहिलं, चौघांतला तो एक तूसुद्धा असू शकतोस. त्यावर त्याचा अंगठा आला.

जाऊन बघायची सोय नाही. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, कितीतरी ढासळली. अण्णाही नाहीत. आणि त्यांच्या डब्यात त्या दिवसाची निगेटिव्ह होती की नव्हती, ते डब्यांबरोबरच गेलं.

पण त्या दोघी बहिणी आल्या त्या दिवशी मी फोनवर दादाला सहज विचारलं, "कंदील विझला होता का रे?"

"विझला की," तो म्हणाला. "म्हणून तर कुणी उतरलं नाही. आम्ही तसेच परत आलो. मी केवढा रडलो होतो, आतलं काही बघायला मिळालं नाही म्हणून."

मी म्हटलं, "आणि तो वर आलेला माणूस?"

"कुठला माणूस?"

मी सांगितलं. दादा गप्प झाला. फोनवर नुसता त्याच्या पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "माणूस-बिणूस मी काही बघितला नाही. हे मी तुला सांगितलेलं नाही."

माझ्या आठवणीत कंदील विझत नाही. ज्योत बारीक होते आणि तशीच राहते. एक माणूस दोरीला धरून खाली जातो आणि बऱ्याच वेळानं वर येतो, केसांपासून पापण्यांपर्यंत पिवळा. कुणीतरी त्याच्या हातात तांब्या देतं. तो मान वर करून घटाघटा पाणी पितो, आणि तांब्यावर त्याची पाच बोटं पिवळी उमटून राहतात. अण्णा तो तांब्या मागून घेतात आणि उजेडाकडं धरून हळूहळू फिरवतात, डार्करूममधून बाहेर आणलेला ओला फोटो बघावा तसा.