अँकरेज ते व्हिटियर : भरती आणि बोगद्याचं गणित

अलास्कातल्या अँकरेजहून व्हिटियर हे बंदर अवघं ६० मैल, म्हणजे ९७ किलोमीटरच्या आसपास. नकाशा दीड तास सांगतो. पण या रस्त्यावर दोन वेळा आपल्या हातात नसतात: भरतीची आणि बोगद्याची. म्हणून मी आधी या दोन वेळा कागदावर मांडल्या आणि मगच व्हिटियरहून सुटणाऱ्या, हिमनद्या दाखवणाऱ्या बोटीचं तिकीट काढलं.

व्हिटियरच्या तोंडाशी असलेला हा बोगदा अडीच मैलांचा, एकाच लेनचा. दुसऱ्या महायुद्धात रेल्वेसाठी खोदलेला, २००० साली मोटारींना खुला झालेला. रूळ रस्त्यातच बसवलेले आहेत, त्यामुळे गाड्या, उलट दिशेची वाहतूक आणि रेल्वे सगळे आळीपाळीने जातात. व्हिटियरकडे जायला तो दर तासाला साडेच्या ठोक्यावर (साडेनऊ, साडेदहा) १५ मिनिटं खुला असतो, परत यायला तासाच्या ठोक्याला १५ मिनिटं. एक पाळी चुकली की तासभर थांबा. टोल फक्त जाताना लागतो. बोट साडेबाराची असेल, तर साडेअकराची पाळी पुरेल असं वाटतं. पण रेल्वेमुळे थोडा उशीर झाला तरी पार्किंग आणि चेक-इनची तारांबळ होते. साडेदहाचीच पाळी धरावी.

आता भरती. वाटेतल्या टर्नअगेन आर्म या चिंचोळ्या खाडीत उधाणाचं पाणी भिंतीसारखं आत शिरतं. याला बोअर टाइड म्हणतात. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग शिकवायला नको: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस निवडा. फक्त इथे भरती-ओहोटीतला फरक आठ-नऊ मीटर सहज असतो. अँकरेजच्या ओहोटीची वेळ पाहा. त्यानंतर साधारण सव्वा तासाने लाट बेलुगा पॉइंटला येते आणि सव्वादोन तासांनी बर्ड पॉइंटला. ओहोटी सकाळी सातची असेल तर सगळं जुळतं. पावणेआठला बेलुगा पॉइंट, तिथली लाट बघून बर्ड पॉइंटला पुन्हा तीच लाट, साडेनऊला निघून दहा-सव्वादहाला बोगद्याच्या रांगेत. ओहोटी दुपारची असेल तर लाट परतीच्या वाटेवर ठेवा; जूनमध्ये रात्री अकरापर्यंत उजेड असतो.

लाट दिसण्याआधी ऐकू येते. वारा पडलेला असेल तर दुरून सलग खळखळ येते, मग चमकणाऱ्या चिखलावर या काठापासून त्या काठापर्यंत पांढरी रेघ उमटते.

त्या चिखलावर पाय ठेवायचा नाही, फोटोसाठी दोन पावलंही नाही. हिमनदीने दळलेलं खडकाचं पीठ आहे ते. वरून घट्ट वाटतं, वजन पडलं की पातळ होतं, पाय रुतला की भोवती आवळून बसतं. आणि भरतीचं पाणी वेगाने परत येतच असतं. हे मी मुद्दाम जोर देऊन लिहितोय, कारण काठावरून तो चिखल अगदी निरुपद्रवी दिसतो.

हा रस्ता म्हणजे सुअर्ड हायवे. त्यावरचे मैलाचे दगड सुअर्ड गावापासून मोजतात, म्हणून आपण जाताना आकडे उतरत जातात: बेलुगा पॉइंट ११०, बर्ड पॉइंट ९६, व्हिटियरचा फाटा ७९. हेडलाइट दिवसाही चालू हवेत. मागे पाच गाड्या खोळंबल्या तर बाजूला होऊन वाट देणं हा कायदा आहे. १०७ च्या सुमारास कड्यावर पांढऱ्या डॉल मेंढ्या दिसतात. थांबायचं ते आखलेल्या जागीच. जुलैच्या मध्यापासून सामन माशांमागे बेलुगा देवमासे खाडीत येतात. पाठ पांढरी, त्यामुळे फेसच वाटतो. फेस विरतो, बेलुगा बुडून थोडं पुढे पुन्हा वर येतो.

पेट्रोल अँकरेजलाच भरा, नाहीतर गर्डवुडच्या फाट्यावर.

वाटेतल्या पोर्टेज हिमनदीसाठी १९८६ साली तळ्याकाठी माहिती केंद्र बांधलं. तेव्हा ती तिथून दिसायची. आता ती डोंगराच्या वळणाआड सरकली आहे आणि केंद्रातून दिसत नाही; तळ्यातल्या बोटीतून दिसते. जवळच्या बायरन हिमनदीपर्यंत पायवाट आहे, पण बर्फाखालच्या गुहांमध्ये शिरू नका. उन्हाळ्यात छत आतून वितळलेलं असतं आणि कोसळतं.

पायवाटेवर चालायचं असेल तर अस्वलाला परतवणारा फवारा (बेअर स्प्रे) अँकरेजला उतरल्यावर विकत घ्यावा. विमानात तो चेक-इनच्या सामानातही चालत नाही. अस्वल दिसलं तर पळायचं नाही, बोलत बोलत सावकाश मागे सरायचं. मूस या अवाढव्य हरणाचं उलट आहे. कान मागे पाडले, मानेवरचे केस उभे राहिले, की पळा आणि जाड झाडाआड व्हा. मे-जूनमध्ये पिल्लू बरोबर असलेली मादी सर्वांत धोक्याची, आणि ती शहरातल्या सायकल-वाटेवरही भेटते.

अँकरेजला ऊन असलं तरी व्हिटियरला पाऊस असू शकतो. पाणी न शिरणारं जाकीट, टोपी आणि हातमोजे बोटीवर हातातल्या पिशवीतच ठेवा. हिमनदीसमोर बोट थांबली की बर्फावरून येणारा वारा जुलैतही झोंबतो. परत आल्यावर धक्क्यावर रेंगाळायचं असेल तर आधी घड्याळ पाहा: सहाची पाळी सव्वासहाला बंद, मग थेट सात.