सिपनाकाठचं उंबर आणि हरियल

मेळघाटात येणाऱ्या बहुतेकांना वाघ हवा असतो. मला हरियल हवा होता. महाराष्ट्राचा राज्यपक्षी, पण आपल्यापैकी कितीजणांनी तो निवांत पाहिलाय?

परतवाड्याहून धारणी रस्त्यानं घटांगचा घाट ओलांडून सेमाडोहला पोचलो. फेब्रुवारी सरत आलेला. डोंगरावरचा साग उघडा पडू लागला होता, पण सिपना नदीच्या काठची उंबरं, जांभळं गच्च हिरवी. सोबत गावातलेच एक कोरकू काका होते. एका फळांनी लदलेल्या उंबराखाली थांबवून म्हणाले, "भाऊ, पाखराले नका शोधू. फळ कोठून पडून राह्यलं थे पाहा."

टप्प टप्प उंबरं पडत होती, आणि झाडात काहीच दिसेना! मग एक पान हललं, त्याला पाय फुटले. हळदीसारखे पिवळेधमक पाय. एकदा तो दिसल्यावर शेजारचा दिसला, मग आख्खा थवाच. दुर्बिणीतून एकाला पोटभर न्याहाळलं: राखाडी डोकं, पोपटी-पिवळी मान, खांद्यावर फिक्या जांभळ्या रंगाचा ठिपका, पंखावर पिवळी रेघ. डोळा तर विलक्षण, निळ्या बुबुळाभोवती गुलाबी कडं. फांदीच्या टोकाशी तो पोपटासारखा उलटा लोंबकळला आणि अख्खं फळ गिळून परत सरळ झाला. आहे कबुतरांच्याच कुळातला, पण पारव्याचं घुमणं याच्याकडे नाही. याची शीळ चढत-उतरत जाते, फार गोड.

जमिनीवर हा क्वचितच उतरतो. वड, पिंपळ, उंबर हेच त्याचं घर आणि ताट. उंबराला वर्षातून अनेकदा फळं धरतात, त्यामुळे इतर झाडं रिकामी असतानाही पाखरांची सोय होते. पूर्वी मांसासाठी याची बेसुमार शिकार व्हायची, हे आठवून जीव हळहळतो.

हरियल पाहायला मेळघाटच गाठायला हवं असं नाही. आपल्याकडे औदुंबराला सहसा कुऱ्हाड लावत नाहीत, म्हणून खाली सपाटीवरच्या गावांतही, देवळामागच्या झाडांवर तो येतो. थंडीत भल्या सकाळी हे थवे निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतात. तेव्हा पानांची आड नसते. ऊन चढायच्या आत जा, आणि झाडाखाली बोलू नका.