निरीक्षण वहीतले रिकामे रकाने

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असा आमच्या अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्यांचा निरोप आला आणि आधी आठवला तो लपेटफळा, म्हणजे गुंडाळून नेता येणारा फळा. १९९४-९५ च्या आमच्या तुकडीतली प्रत्येक मुलगी तो काखोटीला मारूनच सराव पाठाला निघायची. शाळेत पोचेपर्यंत फळ्यावर आदल्या रात्री काढलेली आकृती निम्मी साडीवर उमटलेली असायची. बारावीपर्यंत पंजाबी ड्रेसमध्ये वावरलेल्या आम्हाला साडी सावरत, एका हातात फळा आणि दुसऱ्या हातात पाठ टाचणाची, म्हणजे पाठाच्या आराखड्याची वही घेऊन चालणं, हाच डी.एड. या शिक्षक-प्रशिक्षणाचा पहिला पेपर वाटला होता.

सुरुवातीचे दिवस सगळे सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका कौशल्याचे छोटे छोटे पाठ घेण्यात गेले. ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), १२ मिनिटं पुन्हा नियोजन, मग परत ६ मिनिटं पाठ आणि ६ मिनिटं प्रत्याभरण, असं ते ३६ मिनिटांचं चक्र. समोर विद्यार्थी म्हणून वर्गातल्याच मैत्रिणी. त्या मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायच्या आणि ‘प्रबलन’ म्हणजे उत्तराला शाबासकी देण्याच्या कौशल्याच्या दिवशी आम्ही त्यालाही ‘छान, शाब्बास’ म्हणून मोकळ्या व्हायचो. ‘चेतक बदल’ म्हणजे हालचाल, हातवारे, आवाजातला चढउतार. एकीने त्यात इतक्या येरझाऱ्या घातल्या की सर म्हणाले, “बाई, आता बसा, आम्हाला घेरी येतेय.”

पण सूक्ष्म पाठांची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. प्रश्न आधी विचारायचा, नाव मागाहून घ्यायचं, हे तिथेच अंगवळणी पडलं. नाव आधी घेतलं की उरलेला वर्ग सुटला म्हणून निवांत होतो. फळ्यावर लिहिताना अर्धं अंग वर्गाकडे ठेवायचं, हेही तिथलंच. तीस वर्षं शिकवून झाली, पण याहून उपयोगी सूचना मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालेली नाही. आणि प्रशिक्षणं काही थोडी झाली नाहीत!

मग शैक्षणिक सहल. आमची एकमुखी मागणी महाबळेश्वरची. बाल मानसशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी कोसबाड ठरवलं. ते कुठे आलं, हेही बहुतेकींना माहीत नव्हतं. डहाणू तालुक्यात म्हटल्यावर निदान समुद्र तरी दिसेल, अशी आम्ही आमची समजूत घातली.

जायच्या आधी मॅडमनी तास घेऊन सगळं सांगितलं. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. पुण्याच्या हुजूरपागेत शिकवलेल्या अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. थोडी मोठी मुलं गुरांमागे जायची, म्हणून कुरणातच शाळा भरवली. माँटेसरीचं महागडं साहित्य परवडण्यातलं नव्हतं, तेव्हा बिया, शिंपले, पानं, काटक्या यांतून ते उभं केलं. हे सगळं आम्ही परीक्षेला येईल म्हणून उतरवून घेतलं.

आम्ही गेलो तेव्हा ताराबाईंना जाऊन दोन दशकं उलटली होती, अनुताई १९९२ मध्ये गेल्या होत्या. चिकूच्या वाड्या मागे टाकत टेकडीवर पोचलो आणि निरीक्षण वह्या उघडून बालवाडीच्या भिंतीला टेकून ओळीने बसलो. वहीत रकाने छापलेले: प्रस्तावना, हेतुकथन, प्रश्न, प्रबलन, फलकलेखन.

दारात तीनेक वर्षांचा एक मुलगा चौकट धरून उभा होता. ना आत, ना बाहेर. आमच्या शास्त्राप्रमाणे बाईंनी आता त्याला नाव विचारायला हवं होतं, जवळ घ्यायला हवं होतं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चिंचोके आणि शिंपले एकत्र ठेवलेलं सूप त्यांनी उंबऱ्याजवळ सरकवलं आणि एका मुलीची वेणी घालायला बसल्या. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग पोरगं खाली बसलं. एक शिंपला उचलला, पालथा करून पाहिला, परत टाकला. पुन्हा उचलला तो बाजूला ठेवला. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. शिंपल्यांची ओळ उंबऱ्यापासून आत सरकत गेली आणि तिच्यामागोमाग बसल्या बसल्या तोही. बाईंनी येऊन त्याच्याजवळ एक रिकामी वाटी ठेवली आणि पुन्हा वेणीकडे वळल्या. तोंडातून शब्द नाही.

माझं पेन प्रबलनाच्या रकान्यावर तसंच धरलेलं. शेजारच्या मैत्रिणीने सरळ सगळ्या रकान्यांत ‘लागू नाही’ लिहून टाकलं. मुक्कामी मॅडमनी वही तपासताना त्यावर लाल शाईने लिहिलं, ‘मग लागू काय?’ त्यावरून रात्री झोपायच्या खोलीत जे भांडण जुंपलं, तसा चर्चासत्राचा तास आमच्या विद्यालयात कधी झाला नाही. एकीचं म्हणणं, चाळीस मुलांच्या वर्गात असं गप्प बसाल तर मुलं डोक्यावर बसतील. दुसरी म्हणाली, मग चाळीस मुलांना एकदम ‘शाब्बास’ म्हणून तरी काय होतं? निकाल लागला नाही. माझ्या मते अजूनही लागलेला नाही.

समुद्र दुसऱ्या दिवशी पाहिला. त्याबद्दल काही आठवत नाही.

नोकरी लागली ती माळरानावरच्या जिल्हा परिषद शाळेत. हजेरीपटावरची काही मुलं शाळेत कमी आणि शेळ्यांमागे जास्त. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी माळावर जायचे, गोट्यांनी बेरजा-वजाबाक्या घ्यायचे. शेळ्या कुणाच्या पिकात शिरल्या की वर्ग मोडायचा आणि मीही पदर खोचून मुलांबरोबर पळायचे. एका मुलाला हातचा कळला तो अशाच एका धावपळीनंतर, शेळ्या मोजून परत आणताना. टाचण वहीत हा पाठ कसा लिहायचा, ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी ‘परिसर भेट’ असं लिहायचे आणि मुख्याध्यापक हसून सही करायचे.

विद्यालयाच्या सध्याच्या प्राचार्यांना एकच विनंती. आता डी.एड.ला मुलं येत नाहीत, तुकड्या लहान झाल्यात, हे ऐकून आहे. मग तर सहल काढणं सोपंच. कोसबाडला न्या, आधी पत्र पाठवून जा, आणि रविवार तेवढा टाळा.